हृदय निकामी होण्याचा धोका: कोणाला आणि कोणत्या प्रकारचा

शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवणे हृदयाला जमेनासे होते, किंवा ते जमवताना हृदयाच्या कप्प्यांतला दाब फार वाढतो, तेव्हा हृदय निकामी होऊ लागले आहे असे डॉक्टर म्हणतात. हृदय एकाएकी बंद पडणे ही निराळी घटना आहे. हृदय निकामी होण्याचा आजार वर्षानुवर्षे चालतो. जिना चढताना दम लागतो, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडून उठून बसावे लागते, संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात, दोन दिवसांत वजन किलो-दोन किलोने वाढते. ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा हृदयातले बदल बरेच पुढे गेलेले असतात. म्हणून लक्षणांच्या आधीच धोका ओळखण्याला महत्त्व आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पाहणीनुसार चाळिशीतल्या माणसाला उरलेल्या आयुष्यात हा आजार जडण्याची शक्यता पाचांत एक इतकी असते.

आजाराचे प्रकार पाडण्यासाठी डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा मुख्य कप्पा, दर ठोक्याला आपल्यातले किती रक्त बाहेर टाकतो हे पाहतात. याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. दवाखान्यात रुग्णाच्या कानावर पडते ते ‘पंपिंग’ म्हणजे हाच आकडा. कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त मावले आणि त्यातले ७० बाहेर गेले, तर पंपिंग सुमारे ५८ टक्के झाले, आणि ते निरोगी हृदयाचे लक्षण आहे. आकडा ४० टक्के किंवा त्याखाली आला की तो पंपिंग घटलेला प्रकार. ५० टक्के किंवा त्याहून अधिक असूनही हृदय निकामी होण्याची लक्षणे आणि पुरावे असले, तर तो पंपिंग टिकलेला प्रकार. ४१ ते ४९ हा मधला पट्टा.

पंपिंग चांगले असताना हृदय निकामी कसे होईल, हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. इजेक्शन फ्रॅक्शन हे केवळ गुणोत्तर आहे, यात त्याचे उत्तर आहे. कप्प्याच्या भिंती जाड होऊन आतली जागा आकसली आणि त्यात ८० मिलिलिटरच रक्त मावू लागले, तर त्यातले ४८ बाहेर टाकूनही टक्केवारी ६० दिसते. शरीराला मात्र ७० ऐवजी ४८ मिलिलिटरच मिळतात. शिवाय ताठर झालेला कप्पा दोन ठोक्यांच्या मध्ये सैल पडत नाही. तो भरण्यासाठी मागून जास्त दाब लागतो, तो दाब फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो आणि दम लागतो. म्हणजे पहिल्या प्रकारात आकुंचन बिघडते आणि दुसऱ्यात प्रसरण.

या दोन अवस्थांकडे नेणाऱ्या वाटा बऱ्याच वेगळ्या आहेत, आणि अंदाज बांधण्याचे सारे शास्त्र त्यावर उभे आहे. पंपिंग घटण्यामागे बहुधा स्नायूची हानी असते. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी बंद पडते, तिच्या पुढचा स्नायू मरतो आणि तिथे आकुंचन न पावणारा व्रण राहतो. उरलेल्या स्नायूवर भार पडून कप्पा ताणत, फुगत जातो. दारूचे अतिसेवन, विषाणूंमुळे येणारी हृदयस्नायूची सूज, कर्करोगावरील काही औषधे आणि आनुवंशिक दोष यांमुळेही हेच घडते. हृदयातील विद्युतसंदेश वाहून नेणारी डावी शाखा अडली, तर कप्प्याच्या दोन बाजू एकाच वेळी आकुंचन पावत नाहीत आणि पंपिंग आणखी घसरते. पंपिंग टिकलेल्या प्रकारात अशी एखादी ठळक दुर्घटना सहसा सापडत नाही. अनेक वर्षांचा उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, मधुमेह, मूत्रपिंडांचा आजार आणि वाढते वय मिळून हृदयातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना हलकी पण सततची सूज आणतात, स्नायूंत तंतू साठतात आणि भिंती जाड व ताठर होतात. त्यात अलिंदांचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, ठोके अनियमित झाले की भरण्याच्या शेवटच्या टप्प्याला मिळणारा रेटा जातो आणि तोवर कशीबशी निभावणारी व्यक्ती अंथरुणाला खिळते.

हे वेगळेपण मोजून दाखवण्याचे श्रेय दीर्घकालीन पाहण्यांना जाते. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांचा मागोवा सुरू झाला. पुढे त्यांची मुले आणि नातवंडेही पाहणीत आली. हृदय निकामी झालेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के लोकांना त्याआधी उच्च रक्तदाब होता, हा निष्कर्ष याच पाहणीतून १९९६ मध्ये आला. २०१६ मध्ये फ्रेमिंगहॅमसह अमेरिकेतील तीन आणि नेदरलँड्समधील एक अशा चार पाहण्यांतील २८,८२० लोकांची माहिती एकत्र करण्यात आली. सुमारे बारा वर्षांच्या काळात त्यांपैकी ९८२ जणांना पंपिंग टिकलेला आणि ९०९ जणांना पंपिंग घटलेला आजार झाला. वय आणि रक्तदाब दोन्हींकडे नेतात असे दिसले. पुरुष असणे, धूम्रपान, पूर्वी येऊन गेलेला झटका, ईसीजीत दिसणारे डाव्या जवनिकेचे जाडपण आणि डाव्या शाखेतला अडथळा यांचा रोख पंपिंग घटण्याकडे होता. वाढत्या वयाचा प्रभाव पंपिंग टिकलेल्या प्रकारात जास्त पडला.

अशा माहितीवरून धोक्याचा अंदाज देणारी समीकरणे बांधली जातात. अशा समीकरणाचा दर्जा दोन कसोट्यांवर ठरतो. पहिली कसोटी क्रम लावण्याची. ज्याला पुढे आजार झाला आणि ज्याला झाला नाही अशी एक जोडी घेतली, तर समीकरणाने पहिल्याला जास्त धोका दिला होता का? २०१६ च्या समीकरणांनी शंभर जोड्यांपैकी सुमारे ८० ते ८२ वेळा योग्य उत्तर दिले. दुसरी कसोटी आकड्याच्या खरेपणाची. समीकरणाने दहा टक्के धोका सांगितलेल्या शंभर जणांपैकी दहा वर्षांत खरोखरच दहाच्या आसपास लोक आजारी पडले का? पहिल्या कसोटीवर उतरलेले समीकरण दुसऱ्या देशात दुसऱ्या कसोटीवर सपशेल नापास होऊ शकते, कारण तिथे आजार येण्याचे वय आणि त्याची वारंवारिता वेगळी असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये ‘प्रिव्हेंट’ नावाची नवी समीकरणे प्रसिद्ध केली. सुमारे ६६ लाख लोकांच्या नोंदींवर ती तयार झाली व तपासली गेली. वय ३० ते ७९ असलेल्यांचा दहा वर्षांचा धोका ती सांगतात, आणि तरुणांचा तीस वर्षांचाही. वरचा रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मूत्रपिंडाची गाळणक्षमता, वजन-उंचीचे प्रमाण (बीएमआय) आणि रक्तदाबाची औषधे इतकी माहिती पुरते. मात्र ही समीकरणे दोन प्रकार वेगळे सांगत नाहीत आणि ती अमेरिकी लोकसंख्येवर बेतलेली आहेत.

भारतातले चित्र कसे वेगळे आहे ते दोन नोंदवह्यांतून दिसते. २०१३ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात हृदय निकामी होऊन दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद झाली. त्यांचे सरासरी वय ६१ च्या आसपास होते आणि सुमारे ७२ टक्क्यांच्या आजाराचे मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यांत होते. त्यानंतरच्या राष्ट्रीय नोंदवहीत ५३ रुग्णालयांतील सुमारे १०,८५० रुग्ण आले. तिथेही सरासरी वय साठच्या घरातच निघाले आणि सुमारे दोन तृतीयांश रुग्ण पंपिंग घटलेल्या प्रकाराचे होते. दाखल झाल्यापासून ९० दिवसांत १४ टक्के रुग्ण दगावले. पाश्चात्त्य देशांत हे रुग्ण सत्तरीच्या पुढचे असतात आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांचे पंपिंग टिकलेले असते.

वयाच्या या फरकाचे एक कारण झटक्याच्या वयात आहे. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ पाहणीतून दक्षिण आशियाची माहिती वेगळी काढून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रशांत जोशी होते. पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे आणि इतर देशांत जवळपास ५९ वर्षे असल्याचे त्यात दिसले. झटका सहा वर्षे लवकर आला की स्नायूचे नुकसानही सहा वर्षे लवकर होते, आणि मागाहून येणारा आजार माणसाला त्याच्या कमावत्या वयातच गाठतो. तरीही पंपिंग टिकलेला प्रकार इकडे खरोखरच विरळ आहे असे नोंदवह्यांवरून मानणे घाईचे ठरेल. मोठ्या रुग्णालयांत दाखल झालेल्यांचीच गणती त्यांत होते. साठीतल्या बाईचा दम ‘वय झालं’, ‘वजन वाढलंय’ म्हणून घरातच सोडून दिला गेला, तर ती कोणत्याच नोंदवहीत येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दोन कल्पित व्यक्तींवरून हा सारा हिशेब समजून घेता येतो. एक करवीर तालुक्यातला ५२ वर्षांचा ट्रॅक्टरचालक. उसाच्या हंगामात रात्री-अपरात्री कारखान्यावर खेपा करतो, वीस वर्षे बिडी ओढतो, अंगाने काटक. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखले तेव्हा पित्त समजून सोडा प्यायला, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. झटका येऊन गेल्याचे तेव्हा कळले. बंद वाहिनी पहिल्या काही तासांत उघडली असती तर वाचला असता तो स्नायू गेला होता. पुरुष, धूम्रपान आणि झटका हे तिन्ही घटक पंपिंग घटण्याकडे बोट दाखवतात. दुसरी कागलची ६६ वर्षांची गृहिणी. पंधरा वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण बरे वाटले की बंद करते. मधुमेह आहे, पोट सुटलेले आहे. जेवणात रोज पापड, लोणचे, संध्याकाळी फरसाण, त्यामुळे मिठाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या रोजच्या ५ ग्रॅमच्या मर्यादेत राहत नाही. तिला कधीच झटका आलेला नाही. तिचा रोख पंपिंग टिकलेल्या प्रकाराकडे आहे. दोघांचा दहा वर्षांचा एकूण धोका कदाचित सारखाच निघेल, पण दोघांना लागणारी तपासणी आणि उपाय सारखे नाहीत. म्हणूनच धोक्याचा एकच आकडा सांगून थांबणे अपुरे आहे.

परदेशी समीकरणे इथे वापरताना पहिली अडचण वजनाची येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. इथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात, स्नायू कमी असतात, पण चरबी त्या मानाने टिकून असते, हे त्यातून पुढे आले. २००४ मध्ये त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र आणि मोजमापे छापली. दोघांचेही वजन-उंचीचे प्रमाण २२.३ होते. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या शरीरात पोटाभोवती चरबी आणि रक्तात साखर असू शकते, हे यापेक्षा स्पष्ट क्वचितच कोणी दाखवले असेल. आशियातील हृदय निकामी झालेल्या रुग्णांच्या नोंदवहीतही सडपातळ पण मधुमेही असा एक मोठा गट सापडला. धाप लागलेल्या रुग्णात पंपिंग टिकलेला प्रकार असण्याची शक्यता जोखण्यासाठी मेयो क्लिनिकने २०१८ मध्ये नऊ गुणांची एक पद्धत दिली. तीत वजन-उंचीचे प्रमाण ३० च्या वर असेल तरच वजनाचे दोन गुण मिळतात. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ २५ वर ओढलेली आहे. कागलच्या त्या गृहिणीचे प्रमाण २६ असेल तर तिचे हे दोन गुण जातात आणि आजार असूनही ती ‘शक्यता कमी’च्या खान्याकडे सरकते. पोटाचा घेर मोजणारी साधी टेप इथे वजनकाट्यापेक्षा जास्त खरे बोलते.

दुसरी अडचण तंबाखूची. समीकरणे सिगारेट ओढता का एवढेच विचारतात. निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला लागून असलेल्या कोल्हापूर भागात तंबाखू बिडीतून ओढली जाते, चुन्याबरोबर मळून खाल्ली जाते, आणि अनेक बायका तिची मशेरी भाजून दातांना लावतात. ‘ओढता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई प्रामाणिकपणे नाही म्हणते आणि तंबाखूमुळे असलेला तिचा धोका कागदावर शून्य होतो. इंटरहार्टच्या माहितीनुसार नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता तंबाखूपासून दूर असलेल्यांच्या सव्वादोन पट, तर बिडी ओढणाऱ्यांत जवळपास तिप्पट होती. म्हणून तंबाखूचा प्रत्येक प्रकार नाव घेऊन विचारला पाहिजे.

अंदाज पक्का करण्यासाठी पुढच्या तपासण्या लागतात. ईसीजी सर्वांत स्वस्त आहे आणि ती पंपिंग घटलेल्या प्रकाराकडे जाणारी माणसे चांगली ओळखते. जुन्या झटक्याच्या खुणा आणि डाव्या शाखेतला अडथळा तिच्यात दिसतो. कोल्हापुरात ती वाचताना एक सावधगिरी हवी. तालमीत वर्षानुवर्षे जोर-बैठका आणि लढती करणाऱ्या पैलवानाच्या ईसीजीत लाटा उंच येतात आणि डावी जवनिका जाड असल्याचा भास होतो. बहुतेकदा ते व्यायामाशी जुळवून घेतलेले निरोगी हृदय असते. त्याला आजाराचे गुण देणे चूक आहे. पण घरात तरुणपणी कोणी अचानक दगावले असेल किंवा पैलवानाला लढतीत भोवळ आली असेल, तर त्यावर समाधान न मानता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलीच पाहिजे. रक्तातील बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी हृदयाच्या भिंतींवरचा ताण सांगते. लक्षणे नसलेल्या माणसात बीएनपी ३५ किंवा एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेले, तर आजाराची पूर्वावस्था असू शकते. मात्र लठ्ठ व्यक्तींत हे प्रमाण कमी भरते, म्हणजे पंपिंग टिकलेल्या प्रकाराचा धोका असलेल्यांतच ही तपासणी फसवते. टू-डी इकोत पंपिंगचा आकडा, भिंतींची जाडी, डाव्या अलिंदाचा आकार आणि प्रसरणाचा वेग कळतो. अहवालात पंपिंग ६० टक्के पाहून ‘सगळं नॉर्मल’ म्हणणे पुरेसे नाही. अलिंद मोठे झाले असेल, तर ते बराच काळ वाढलेल्या दाबाची साक्ष देत असते. ईसीजीचे आलेख संगणकाकडून वाचून घेण्याचे प्रयोगही झाले आहेत. मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रणालीने नुसत्या ईसीजीवरून घसरलेले पंपिंग ओळखले. तिने संशय घेतला पण इकोत पंपिंग ठीक निघाले, अशा लोकांत पुढे पंपिंग घटण्याचा धोका चौपट होता.

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी अशा डोंगरी तालुक्यांतून, कोकणातून आणि सीमाभागातून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाकडे रुग्ण येतात. प्रत्येकाची इको करणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. गाळणी गावातच लावता येते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक तक्ता आशाताई भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, पोटाचा घेर, शारीरिक श्रम आणि घराण्यातील आजार यांना गुण आहेत. बाईचा घेर ८० सेंटिमीटरपर्यंत आणि पुरुषाचा ९० पर्यंत असला तर शून्य गुण. बाईचा ९० च्या आणि पुरुषाचा १०० च्या वर गेला तर दोन गुण. बेरीज चारच्या पुढे गेली की तपासणीत प्राधान्य. हा तक्ता हृदय निकामी होण्यासाठी बनवलेला नाही, पण घेर आणि चघळायची तंबाखू दोन्ही विचारत असल्याने, इथल्या माणसाची पहिली निवड करायला तो परदेशी समीकरणापेक्षा अधिक जवळचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला रक्तदाब, साखर, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि ईसीजी यांची जोड मिळाली, तर इकोसाठी कोणाला शहरात पाठवायचे ते ठरवता येते. जवळच्या सातारा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरुवातीच्या टप्प्यातच आला. प्रत्येक रुग्णाची नोंद, ठरलेली औषधयोजना आणि गोळी न्यायला न आलेल्याची चौकशी अशी त्याची रीत आहे. गोळी मध्येच सोडणाऱ्या त्या गृहिणीला नेमके हेच हवे आहे.

काही माणसे कोणत्याच समीकरणात बसत नाहीत. लहानपणी घसा सुजून संधिवाताचा ताप आला आणि झडपा खराब झाल्या, तर तिशीतली स्त्री गरोदरपणात प्रथमच धापा टाकू लागते. तिचे वय, रक्तदाब, वजन सारे कमी धोक्याचे असते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदयस्नायू दुबळा होण्याचा आजारही असाच येतो. स्तनाच्या कर्करोगावर अँथ्रासायक्लिन गटातील औषधे घेतलेल्या स्त्रीची इको उपचार संपल्यानंतरही व्हायला हवी. आनुवंशिकतेचा भाग तर खास दक्षिण आशियाचा आहे. हृदयस्नायूतील एक प्रथिन घडवणाऱ्या एमवायबीपीसी-३ या जनुकातील २५ अक्षरे गळालेला बदल या भूभागातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तो बाळगणाऱ्यांत हृदय निकामी होण्याची शक्यता सुमारे सातपट असल्याचे तेव्हा मांडले गेले. पुढच्या संशोधनाने हे चित्र सौम्य केले. धोका प्रामुख्याने त्या बदलाच्या सोबत काहींमध्ये येणाऱ्या दुसऱ्या दोषांमुळे असतो असे दिसले. म्हणून सरसकट जनुकतपासणीची शिफारस होत नाही. ज्या घरात हृदयस्नायूचा आजार सिद्ध झाला आहे, त्या घरातल्या भावंडांची आणि मुलांची इको मात्र केली जाते.

धोका कळल्यावर करायचे उपायही प्रकारानुसार वेगळे होतात. १९९२ च्या सॉल्व्हड चाचणीत पंपिंग ३५ टक्के किंवा कमी पण लक्षणे नसलेल्यांना एनालाप्रिल दिल्यावर त्यांच्यातले हृदय निकामी होण्याचे प्रमाण घटले. ट्रॅक्टरचालकाच्या इकोत पंपिंग घसरलेले दिसले, तर धाप लागण्याची वाट न पाहता एनालाप्रिलसारखे औषध सुरू करायचे ते याच आधारावर, आणि जोडीला बीटा-ब्लॉकरही. त्याची बिडी सुटणे तितकेच निकडीचे. रक्तदाबाबाबत २०१५ च्या स्प्रिंट चाचणीत वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात हृदय निकामी होण्याचे प्रमाण १४० चे उद्दिष्ट असलेल्या गटापेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी कमी राहिले. तीत मधुमेहींना घेतले नव्हते, त्यामुळे कागलच्या गृहिणीला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. तिच्यासाठी लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातील औषधांचा आधार आहे. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हृदय निकामी होऊन दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटवले, आणि २०२१ मध्ये पंपिंग टिकलेल्या रुग्णांतही त्याचा उपयोग सिद्ध झाला. त्याआधी या प्रकारात असे ठोस यश कोणत्याच औषधाला मिळाले नव्हते. मार्च २०२५ मध्ये भारतात या औषधाचे पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. औषधांच्या जोडीला रोजचे चालणे, पोटाचा घेर कमी करणे आणि ताटातले मीठ घटवणे हे तिच्या बाबतीत उपचारच आहेत.

धोक्याचा अंदाज एकदा काढून कायमचा ठेवता येत नाही. नवा झटका, नव्याने लागलेला मधुमेह, अनियमित नाडी किंवा वाढलेले क्रिएटिनिन यांपैकी काहीही झाले की हिशेब बदलतो, आणि कधी कधी एकाच माणसाचा रोख एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे वळतो. ताठर हृदय असलेल्या गृहिणीला उद्या झटका आला, तर तिचेही पंपिंग घसरू शकते. त्यामुळे जास्त धोक्याच्या गटातल्यांचा रक्तदाब, साखर, नाडी आणि मूत्रपिंडांचे काम ठरावीक काळाने पुन्हा पाहिले जाते, आणि धाप किंवा सूज नव्याने दिसली की इको पुन्हा केली जाते.